सात वाव

माझ्या कमरेच्या पट्ट्यात जे शिसं आहे
ते आबांच्या जाळ्याचं.
रापणीचा संघ मोडला त्या वर्षी
आईनं परसात चूल मांडली, गोळ्या वितळवल्या,
वाळूत साबणाच्या डबीचा ठसा उठवून
त्यात ओतल्या. चार वड्या, ओबडधोबड.
एकीवर अजून कंपनीचं नाव वाचता येतं, उलटं.

देवबागच्या मुखातून बाहेर पडलं की
खडपं सुरू होतात.
वरून काही दिसत नाही, नुसतं पाणी जरा अडखळतं,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसासारखं.
नावं मला आबांनी दिली.
म्हातारेचो दात. सवती, त्या दोघी.
आणि जाळेखाव.
एकही न बघता दिली.
बुडीद सोडायचे, तळाला साबण चोपडून,
वर येईल त्यावरून सांगायचे:
वाळू. शिंपला. काहीच नाही, म्हणजे कातळ.
मग दोन्ही हात पसरून दोरी मोजायची,
एक वाव, दोन वाव,
समुद्र त्यांना छातीएवढाच कळला,
पण सात वेळा.

आज मिरजेच्या आरवाडेबाई होत्या,
वय बासष्ट, पोहता येत नाही,
मंगळसूत्र रुमालात बांधून होडीवाल्याकडे दिलेलं.
दोन वाव खाली गेल्यावर
खूश होऊन त्यांनी अंगठा दाखवला.
पाण्यात त्याचा अर्थ: वर चला.
नेलं वर.
तोंडातली नळी काढून भांडल्या माझ्याशी,
"मी कुठं म्हटलं वर? मी म्हटलं झकास!"
पुन्हा नेलं खाली. नाक चिमटीत, कान फुंकून,
माझं बोट घट्ट धरून,
जत्रेत मूल धरतं तसं.

जाळेखाव म्हणजे कातळाची कमान आहे.
आबा म्हणायचे, हय दोरी खोटा बोलता,
एकदा चार वाव, हातभर सरकलास की सात.
खोटं नव्हतं. दार होतं.
दारात एक गोबरा बसलेला असतो,
ओठ पुढं काढून, कचेरीतल्या शिपायासारखा,
आत सोडणार नाही, पण उठणारही नाही.
कालवांच्या धारा, नारिंगी पोवळ्यांची झुडपं,
आणि सगळीकडे बारीक तडतड,
लांब कुठंतरी कुणी मोहरी टाकल्यासारखी.
तांबोशीची रांग जाते कमानीतून.
इथं ती तांबडी नसते, राखी असते.
तिचं तांबडं बाजारात उजाडतं.

वरच्या काठाला निळं नायलॉन अडकलंय.
गाठ ओळखीची. आमच्या घरचीच.
त्याच्यावर आता इतकं काही उगवलंय
की जाळं कुठं संपतं, खडप कुठं सुरू होतं
हे बोटांनाच विचारावं लागतं.
दर खेपेला मी एखादा खेकडा सोडवतो.
सुरी असते पायाला बांधलेली.
जाळं कापत नाही.
का, ते आरवाडेबाईंनी विचारलं असतं
तर पाण्यात त्याला खूण नाही.

संध्याकाळी पडवीत आबा.
"खंय गेल्लंस?"
"जाळेखावार."
"काय म्हणता ता?"
मी पुन्हा सांगतो: दार, गोबरा, तांबोशी.
जाळ्याचं सांगत नाही.
एकदा येवा, म्हटलं होतं मागे. म्हणाले,
लोकांच्या घरात वाकान बघूक नये.
आज मात्र थोडं थांबून विचारलं,
"केवढां आसा रे दार?"
आणि मोजायला हात पसरले.
डावा खांदा दोन वर्षांपासून उचलत नाही,
हात अर्ध्यावर थांबला, थरथरत.
"एवढां?"

"होय, तेवढांच."

हात तसाच धरून बसले बराच वेळ.
त्यांची वाव आता आखूड झालीय.
या हिशेबानं जाळेखाव
नऊ वावांवर गेलं असेल,
दहाही.